कॅराव्हॅनच्या ओट्यामागे स्टिकर टाईल बसवण्याची रीत

सांगलीच्या मावसभावाच्या ट्रेलर-कॅराव्हॅनमध्ये ओट्यामागच्या भिंतीला आम्ही दोघांनी फेब्रुवारीतल्या एका दुपारी स्टिकर टाईल चिकटवली. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे मागचा कागद काढला, टाईल दाबली आणि दोन तासांत काम संपवले. भिंत इतकी देखणी दिसू लागली की फोटो काढण्यातच संध्याकाळ गेली. मे महिन्यात तोच ट्रेलर जीपला जोडून वाईमार्गे पसरणी घाट चढून आम्ही पाचगणीला पोहोचलो आणि दार उघडले, तेव्हा सहा टाईल ओट्यावर आणि दोन सिंकमध्ये पडलेल्या होत्या. उरलेल्या टाईलचे कोपरे सुकलेल्या पानासारखे वळले होते. पुढे सातारला माझ्या दारात ट्रेलर उभा करून हे काम पहिल्यापासून पुन्हा केले. शेजारी काम करणारे वयस्क सुतार तेवढ्यात डोकावून म्हणाले, "दादा, घराची भित्त उभी ऱ्हाती, ही पळती. तिला घराचा हिशेब लावू नगा." पुढे जे लिहिले आहे ते सगळे याच एका वाक्याच्या आधाराने लिहिले आहे.

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि अशा गाड्यांविषयीचे कुतूहल वाढले. परंतु त्यांच्या आतल्या स्वयंपाकघराच्या कामाविषयी जी माहिती सहज हाती लागते, ती बहुधा सिमेंटच्या घरासाठी लिहिलेली असते. चालत्या गाडीत भिंत हादरते, तिचे सांधे मुरगळतात आणि ती ऋतूप्रमाणे तापते व गारठते. डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठते, त्या थंडीत उभी राहिलेली गाडी मे महिन्यात सांगलीच्या उन्हात दारे-खिडक्या बंद करून ठेवली, तर आतले तापमान ५५ ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत सहज जाते. बहुतेक स्टिकर टाईल विनाइलच्या, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच्या असतात. कडक पीव्हीसीच्या दीड मीटर लांबीत ४० अंशांच्या फरकाने सुमारे ४ मिमी वाढ होऊ पाहते, तर तेवढ्याच लांबीच्या ॲल्युमिनियममध्ये ती दीड मिमीच्याही आत राहते. टाईल भिंतीला चिकटलेली असल्यामुळे तिला ही वाढ मोकळेपणी घेता येत नाही. तो सगळा ताण गोंदावर येतो आणि जिथे पकड कमी असेल, म्हणजे कडेला आणि कोपऱ्यांवर, तिथून टाईल सुटू लागते.

खरी सिरॅमिक टाईल मात्र अशा गाडीत अजिबात बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दीड मीटर रुंद आणि ४० सेंमी उंच एवढ्या लहानशा भिंतीलाही ८ मिमी जाडीच्या टाईलचेच वजन नऊ-दहा किलो होते. ॲडेसिव्ह आणि ग्राउट त्यावर वेगळे, आणि ग्राउटला तर गाडी धावू लागली की लवकरच तडे जाऊ लागतात. स्टिकर टाईलमध्ये हेच काम किलो-दीड किलोत उरकते.

कोणती टाईल घ्यावी आणि कोणती घेऊ नये

बाजारात 'स्टिकर टाईल' या एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली म्हणजे पातळ छापील विनाइल किंवा ॲल्युमिनियम फॉइलचा रोल. हा स्वस्त असतो, पण त्याखाली भिंतीचा प्रत्येक खडा आणि प्रत्येक स्क्रू उठून दिसतो, आणि अखंड असल्यामुळे आकुंचन-प्रसरणाचा सगळा ताण त्याच्या दोन टोकांवर जातो. दुसरी म्हणजे विटांच्या आकाराची फुगीर फोमची शीट. ही दाबली की दबते, नखाने फाटते आणि आगीजवळ ठेवण्याच्या लायकीची नसते, त्यामुळे कॅराव्हॅनच्या स्वयंपाकघरात ती कितीही फुकट मिळाली तरी लावू नये. तिसरी म्हणजे विनाइलच्या पाठीवर जेलसारख्या पारदर्शक रेझिनचे उंचवटे असलेली टाईल, आणि चौथी म्हणजे ॲल्युमिनियम कंपोझिटच्या लहान तुकड्यांची मोझॅक. शेवटच्या दोहोंपैकी निवड करावी. जेलची टाईल हलकी असते आणि साध्या कटरने कापली जाते. ॲल्युमिनियमची मोझॅक उन्हात कमी वाढते, पण तिला पत्र्याची कातर लागते आणि कापलेली कड हाताला लागू नये म्हणून घासावी लागते. आम्ही दुसऱ्या खेपेला ३० × ३० सेंमीची जेलची टाईल घेतली, कारण तिचे तुकडे लहान असल्यामुळे ताण प्रत्येक सांध्यावर थोडा-थोडा वाटला जातो.

विकत घेताना सर्व पाकिटांवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना, हे दुकानातच पाहावे. पांढऱ्या टाईलच्या दोन बॅचमधला फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, पण गाडीच्या खिडकीतून तिरपे ऊन आले की लगेच दिसतो. पाकिटावर टाईल किती तापमानापर्यंत टिकते आणि शेगडीपासून किती अंतर ठेवायचे, हेही लिहिलेले असते. ते लिहिलेले नसेल, तर ती टाईल घेऊ नये.

संख्येचा हिशेब क्षेत्रफळाने न करता ओळींनी करावा. वरच्या उदाहरणातल्या १५० × ४० सेंमीच्या भिंतीचे क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर, आणि एका टाईलचे ०.०९, म्हणजे सात टाईल पुरतील असे वाटते. प्रत्यक्षात खालच्या ओळीला पाच पूर्ण टाईल लागतात आणि वरची १० सेंमीची पट्टी एका टाईलमधून तीनच निघते, म्हणून तिच्या पाच तुकड्यांसाठी आणखी दोन टाईल लागतात. इथे उत्तर योगायोगाने तेवढेच आले. उंची ५० सेंमी असती तर एका टाईलमधून २० सेंमीची एकच पट्टी निघाली असती आणि क्षेत्रफळाने नऊ टाईल येत असताना प्रत्यक्षात दहा लागल्या असत्या. त्यातच काही टाईलची एक कड दुसरीखाली जाते, त्यामुळे लिहिलेल्या मापापेक्षा प्रत्यक्ष झाकली जाणारी जागा सेंटीमीटरभर कमी भरते. हिशेबाच्या वर दोन टाईल जास्त घ्याव्यात.

भिंत ओळखणे

परदेशी ट्रेलरमध्ये पातळ प्लायवर विनाइलचा छापील कागद असतो. तो कागद प्लायला जेवढा घट्ट असेल, तेवढीच टाईल टिकते. आपल्याकडे बांधून घेतलेल्या गाड्यांमध्ये बहुधा प्लायवर सनमाइका, एसीपी (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेली) शीट किंवा एफआरपी (फायबरग्लासचे प्लास्टिक) असते, आणि या तिन्हींचे स्वभाव वेगळे आहेत.

सनमाइका कडक आणि सपाट असते, म्हणून ती उत्तम, पण चकचकीत असल्यास २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने तिची चमक मारावी लागते. एसीपीवर बऱ्याचदा कारखान्यातली पारदर्शक संरक्षक फिल्म वर्षानुवर्षे तशीच राहिलेली असते. त्या फिल्मवर टाईल लावली तर टाईल आणि फिल्म एकत्रच खाली येतात, म्हणून कोपऱ्यात नखाने खरवडून पाहावे. एफआरपीचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत असेल, तर गोंद फक्त उंचवट्यांना टेकतो आणि खोलगट भाग हवेवर राहतो. अशा भिंतीला गाड्यांचे रंगारी वापरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून, घासून आणि प्रायमर मारून सपाट करता येते, पण त्या धुळीने अख्खी गाडी भरते.

आम्ही त्याऐवजी वेगळा मार्ग धरला आणि भिंत वाकडी-खडबडीत असेल तर मी तोच सुचवेन. ओट्यामागच्या जागेच्या मापाचा ३ मिमीचा एसीपी पत्रा कापून आणला, टाईल त्यावर घरातल्या टेबलावर आडव्या लावल्या, आणि तयार झालेला पत्रा भिंतीला कडेने स्क्रूंनी बसवला. आडव्या टेबलावर टाईल लावणे अवघडून वाकून लावण्यापेक्षा किती सोपे असते, हे एकदा केल्यावरच कळते. पुढे मागची वायर तपासायची झाली, तर स्क्रू काढून अख्खा पत्रा बाहेर घेता येतो. या पत्र्याच्या स्क्रूंची भोके मात्र स्क्रूपेक्षा थोडी मोठी पाडावीत आणि स्क्रूखाली वॉशर ठेवावा, म्हणजे पत्र्याला वाढायला जागा राहते. स्क्रू मारण्यापूर्वी भिंतीमागून वायर किंवा पाण्याची नळी जात नाही ना, याची खातरजमा करावी.

भिंतीवर पूर्वी कुणी सिलिकॉन वापरले असेल तर ते ब्लेडने पूर्ण खरवडावे. पिकून पक्क्या झालेल्या सिलिकॉनवर दुसरे काहीही चिकटत नाही, आणि त्याचा न दिसणारा पातळ थर राहिला तरी टाईलचा तेवढा भाग कायमचा मोकळा राहतो.

शेगडीच्या मागे स्टील

घरात ओटा ६० सेंमी खोल असतो. कॅराव्हॅनमध्ये तो ४५ ते ५० सेंमीच असतो, त्यामुळे बर्नर भिंतीच्या हातभरही दूर राहत नाही. कडक पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. कढईच्या कडेवरून मागे वळणारी गरम हवा ही मर्यादा दहा मिनिटांत ओलांडते, आणि फोडणीचे तेल तर त्याहून कितीतरी तापलेले असते. तडतडलेली मोहरी जेलच्या टाईलवर जिथे चिकटते, तिथे तपकिरी टिपका राहतो आणि तो कशानेही निघत नाही. म्हणून बर्नरच्या कडेपासून टाईलपर्यंत २३ सेंमी, म्हणजे नऊ इंच मोकळे अंतर मिळत नसेल, तर शेगडीमागे टाईल लावूच नये.

तिथे स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा लावावा. तो शेगडीच्या दोन्ही बाजूंना निदान १५ सेंमी पुढे यावा, वर शक्यतो कपाटाच्या तळापर्यंत जावा, आणि तो भिंतीला थेट न चिकटवता मागे धातूचे वॉशर किंवा लहान स्पेसर घालून ५ ते १० मिमी हवेची पोकळी ठेवावी. पत्रा तापला तरी ती उष्णता प्लायला लागत नाही. ज्या बाजूला टाईल आणि स्टील भेटतात, तिथे टाईलची कड स्टीलखाली घेऊ नये, कारण स्टील तापते. दोघांमध्ये एक सूत, म्हणजे सुमारे ३ मिमी अंतर सोडावे. स्टील आणि टाईल शेजारी-शेजारी बरी दिसतील का, अशी शंका आमच्या वहिनींना होती. शेवटी कौतुक झाले ते स्टीलचेच.

गॅस आणि विजेची व्यवस्था काम सुरू करण्यापूर्वीच बंद करावी. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून नळीतला गॅस बर्नरवर जाळून संपवावा. बाहेरून घेतलेली २३० व्होल्टची जोडणी काढावी, इन्व्हर्टर बंद करावा आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडावे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणून गाडीच्या तळाजवळ मुद्दाम ठेवलेल्या जाळ्या आणि फ्रिजमागच्या हवेच्या जाळ्या टाईलच्या नादात कधीही झाकू नयेत.

माप घेताना पाणसळ बाजूला ठेवावी

घरात आपण पाणसळ लावून आडवी रेघ मारतो. गाडी मात्र ज्या जमिनीवर उभी असेल तिच्याप्रमाणे कलते, त्यामुळे पाणसळीची रेघ ओट्याला समांतर राहत नाही. पुढे गाडी सपाट जागी उभी राहिली की टाईलच तिरक्या दिसतात. म्हणून रेघ नेहमी ओट्याच्या कडेवरून, गुण्या आणि पट्टीने मारावी. वरच्या कपाटाचा तळ ओट्याला समांतर आहे की नाही, तेही दोन्ही टोकांना मोजून पाहावे. आमच्याकडे डावीकडे ४० सेंमी आणि उजवीकडे ४०.७ सेंमी उंची भरली. हा सात मिमीचा फरक खाली ठेवला असता तर ओट्याच्या कडेशी पाचर दिसली असती. तो वर ढकलला, जिथे कपाटाच्या सावलीत नजर पोहोचत नाही.

ओट्यापासून एक सूत वर पहिली रेघ मारावी. हे अंतर सिलिकॉनसाठी आहे. टाईल थेट ओट्यावर टेकवली, तर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा ओट्यामार्फत टाईलच्या खालच्या कडेला धक्का देतो. मग भिंतीतील सांधे शोधावेत. जिथे प्लायच्या दोन शीट भेटतात, तो सांधा गाडी वळताना हलतो. त्या सांध्यावरून टाईल आडवी जाऊ देऊ नये, टाईलचा सांधाही तिथेच आणावा आणि दोहोंमधली बारीक फट पुढे सिलिकॉनने भरावी. हे जमवण्यासाठी सुरुवात डावीकडून करायची की मध्यापासून, हे ठरवावे लागते. म्हणून मागचा कागद न काढता सर्व टाईल मास्किंग टेपने भिंतीवर अडकवून पाहाव्यात, दारात उभे राहून बघावे आणि प्रत्येकीच्या पाठीवर पेनने क्रमांक टाकावा. टोकाला दोन-तीन सेंमीची चिंधोटी पट्टी उरत असेल, तर सुरुवातच अर्ध्या टाईलने करावी. अरुंद पट्टीला गोंद कमी मिळतो आणि पहिल्यांदा तीच सुटते.

भिंत धुणे, पुसणे आणि पुन्हा पुसणे

पाचगणीला पडलेल्या टाईल उलटून पाहिल्या, तेव्हा सगळा गोंद टाईललाच होता आणि त्यावर पिवळसर, भुकटीसारखा पातळ थर बसलेला होता. म्हणजे गोंद भिंतीपर्यंत पोहोचलाच नव्हता, तो भिंतीवरच्या तेल-धुळीला चिकटला होता. टाईल पडल्यास ही तपासणी अवश्य करावी. गोंद भिंतीवर राहिला आणि टाईल कोरी निघाली, तर दोष टाईलचा असतो. गोंदाबरोबर भिंतीचा रंग किंवा कागद निघाला, तर दोष भिंतीच्या थराचा असतो. आणि गोंद टाईलवरच राहून मळलेला दिसला, तर दोष आपला असतो.

कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिंत दोनदा धुवावी, विशेषतः कपाटाच्या तळाजवळचा भाग, कारण फोडणीची वाफ तिथेच थबकते. चिकटा जुना असेल तर पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालावा, मात्र तो ॲल्युमिनियमवर वापरू नये, तिथे काळे डाग पडतात. मग दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने पुसून साबणाचा अंश काढावा. सनमाइकावर घासायचे असेल ते आता घासावे आणि धूळ ओल्या फडक्याने उचलावी. सगळे कोरडे झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दर वेळी फडक्याची नवी घडी घेऊन, एकाच दिशेने पुसावे. गोल-गोल पुसल्यास चिकटा उचलला न जाता पसरतो. अल्कोहोलची वाफ पेट घेते, म्हणून दारे-खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळपास काडीदेखील ओढू नये. थिनर वापरायचा मोह होतो, पण तो एफआरपी आणि रंग मऊ करतो.

भिंत साफ झाली की नाही, हे पाहण्यासाठी तिच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. सनमाइका किंवा धातूवर पाणी सलग पसरले तर ती स्वच्छ आहे, थेंब-थेंब होऊन ओघळले तर अजून तेल आहे. विनाइलच्या कागदावर ही खूण चालत नाही, तिथे पाणी तसेही थेंबांनी राहते. त्याऐवजी टाईलचा एक तुकडा दोन दिवस लावून ठेवावा आणि मग कोपऱ्यातून ओढून पाहावा. कागद वर आला, तर तो कागदच काढावा लागेल. त्यानंतर भिंतीला बोटे लावू नयेत. स्वयंपाकघरात काम करताना हे पाळणे कठीण असते, आणि चहाचा कप हातात देणाऱ्या माणसाला ते सांगणे त्याहून कठीण.

चिकटवण्याचा दिवस

सातारा-सांगलीत या कामाला फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा काळ सर्वांत बरा. दाबाने चिकटणारा गोंद १० अंशांखाली कडक राहतो आणि पृष्ठभागावर पसरत नाही, तर ३८-४० अंशांवर इतका मऊ होतो की टाईल लावताना घसरते. पावसाळ्यात भिंतीवर न दिसणारा दमटपणा असतो. महाबळेश्वर किंवा कास परिसरात उभ्या गाडीत तर जुलैत हे काम काढूच नये. आमचे पहिले काम महिना चुकला म्हणून नव्हे, तर भिंत नीट न बघितल्यामुळे बिघडले होते. टाईल आदल्या दोन दिवसांपासून गाडीतच, पाकिटातून काढून सपाट ठेवाव्यात, म्हणजे त्या गाडीच्या तापमानाला येतात आणि गुंडाळीचा वाक निघून जातो.

पहिल्या टाईलचा मागचा कागद एकदम न सोलता वरून पाच सेंमी दुमडावा. टाईलची खालची कड रेघेला लावून, पट्टीसारखा उघडा गोंद हलकेच टेकवावा, माप तपासावे आणि मग खालचा कागद ओढत हाताने मध्यातून कडेकडे दाबत जावे. एकदा घट्ट दाबलेली टाईल काढून पुन्हा लावली तर गोंदावर धूळ बसलेली असते, म्हणून चुकली तर पहिल्या काही सेकंदांतच काढावी, नाहीतर ती बाद समजावी. ज्या टाईलच्या एका कडेला चिकट पदर बाहेर आलेला असतो, तिच्यावर पुढची टाईल चढते. हा पदर कोणत्या दिशेला येतो ते आधी पाहूनच डावीकडून किंवा उजवीकडून सुरुवात करावी. कोपऱ्यात टाईल कधीही दुमडू नये. दोन्ही भिंतींना वेगळे तुकडे लावून मध्ये दीड-दोन मिमीची फट ठेवावी.

ओळ पूर्ण झाली की रबरी रोलरने, तो नसल्यास जाड कापडात गुंडाळलेल्या लाटण्याने, प्रत्येक टाईल दोन्ही दिशांनी जोर लावून दाबावी. या गोंदाला पकड येते ती दाबामुळे, केवळ वेळेमुळे नव्हे. मग हेअर ड्रायरने कडा हाताला उबदार लागतील एवढ्याच तापवून पुन्हा दाबाव्यात. याच एका गोष्टीने आमच्या दुसऱ्या कामाचे कोपरे आजवर टिकले आहेत. ड्रायर एका जागी धरून ठेवला तर जेलचा उंचवटा बसतो, हेही आम्ही एक टाईल गमावून शिकलो.

कापण्यासाठी नवे ब्लेड आणि स्टीलची पट्टी घ्यावी आणि जेलच्या टाईलला एकाच जोरकस रेघेऐवजी तीन-चार हलक्या रेघा द्याव्यात. दर दोन टाईलमागे ब्लेडचे टोक मोडून नवे घ्यावे. खिडकीच्या चौकटीचा वाकडा कोपरा असेल, तर आधी जुन्या कॅलेंडरच्या पानाचा साचा कापून भिंतीवर बसवून पाहावा आणि तो टाईलच्या पाठीवर उलटा ठेवून आखावा. साचा सुलटा ठेवला तर तुकडा आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा कापला जातो. स्विचबोर्डची पट्टी काढून टाईल पट्टीच्या आतपर्यंत न्यावी, पण बोर्डच्या डब्यावर चढवू नये. टाईलच्या जाडीमुळे पट्टी पुढे येते, म्हणून अंगाने तेवढेच पण थोडे लांब स्क्रू आधीच आणून ठेवावेत.

कडा आणि सिलिकॉन

उघड्या राहणाऱ्या कडेला ॲल्युमिनियमची एल पट्टी लावावी. नुसती कड सोडली तर कपाटातून डबा काढताना बाही अडकते आणि तिथूनच टाईल उचकटू लागते. ओट्यालगतची एका सुताची फट, कोपरे आणि भिंतीचे सांधे सिलिकॉनने भरावेत. सिलिकॉन घेताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घेऊ नये, ते धातूला गंजवते. 'न्यूट्रल' आणि बुरशीरोधक असे लिहिलेले घ्यावे. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून सिलिकॉन भरावे, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकाच ओढीत गुळगुळीत करावे आणि ते ओले असतानाच टेप काढावी. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकते आणि दिवसाला दोन-तीन मिमी जाडीच पक्की होते. मार्चच्या कोरड्या हवेत त्याला आणखी थोडा वेळ द्यावा.

रंगाबाबत एक सांगणे आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तिच्या रंगाची ताकद पाहायची असेल तर पांढऱ्या सिलिकॉनवर एक चिमूट ओली हळद सांडून पाहावी. टाईलवरची हळद लगेच पुसली तर निघते, सिलिकॉनमध्ये मात्र ती मुरते. आम्ही दुसऱ्या खेपेला राखाडी सिलिकॉन वापरले. डाग पडलाच, तर घासून पृष्ठभाग खरवडण्यापेक्षा डागावर ऊन पडेल अशी खिडकी काही दिवस उघडी ठेवावी. हळदीतले रंगद्रव्य, कुरकुमिन, उन्हात विरते, आणि डाग आपोआप फिका पडतो.

पहिले तीन दिवस आणि त्यानंतर

गोंदाची पूर्ण पकड यायला साधारण ७२ तास लागतात. तेवढे दिवस गाडी सावलीत, झडपा उघड्या ठेवून उभी असावी. शेगडी पेटवू नये, भिंत धुवू नये आणि गाडी हलवू नये. त्यानंतर पहिली फेरी लांबची काढू नये. आम्ही यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत गेलो आणि परत आल्यावर प्रत्येक टाईल नखाच्या टोकाने वाजवून पाहिली. घट्ट बसलेली टाईल भरीव वाजते, सुटलेली पोकळ. जिथे पोकळ आवाज आला, तिथे ड्रायर फिरवून पुन्हा रोलर मारला. अशा दोनच टाईल होत्या, आणि दोन्ही कपाटाच्या तळालगतच्या, म्हणजे पुसताना जिथे हात पुरत नाही तिथल्या.

उन्हाळ्यात गाडी उभी करताना ओट्यासमोरच्या खिडकीला पडदा असावा आणि छताची झडप बोटभर उघडी असावी. टाईल पुसायला मऊ फडके आणि भांड्यांचा साबण पुरतो. काथ्या आणि घासणीची पावडर जेलवर कायमचे ओरखडे पाडतात.

एखादी टाईल बदलायची वेळ आली, तर तिच्या कडेने सांधा कटरने कापून घ्यावा, म्हणजे शेजारच्या टाईल ओढल्या जात नाहीत. मग ड्रायरने तापवत एका कोपऱ्यातून पातळ पुट्टीपात्याने सावकाश सोलावे. मागे राहिलेला गोंद अल्कोहोलने भिजवून गोळा करून काढावा, आणि भिंत पहिल्या दिवशी पुसली होती तेवढीच काळजीपूर्वक पुन्हा पुसावी. यासाठीच त्या दोन जास्तीच्या टाईल घेतलेल्या असतात. त्या बेडखालच्या खणात दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवाव्यात, आणि पुठ्ठ्यावर बॅच क्रमांक लिहून ठेवावा.